इंद्रगोपाचें बिऱ्हाड

जून महिन्याच्या सातव्या-आठव्या तारखेस सूर्य मृग नक्षत्रांत प्रवेश करतो. त्या सुमारास पाऊस वेळेवर आला, तर माजलगांवच्या आसपासच्या काळ्या रानांत दुसऱ्या दिवशीं सकाळीं एक लहानसा पाहुणा दृष्टीस पडतो. उन्हाळाभर भेगाळलेली जमीन पाणी पिऊन मऊ झालेली असते, बांधावरच्या वाळलेल्या गवताच्या बुडाशीं हिरवे कोंब डोकावूं लागलेले असतात, आणि त्या ओल्या मातीवरून गर्द लाल मखमलीचा एक ठिपका सावकाश चालत असतो. त्याचें अंग वाटाण्याएवढें असतें. बोट लावलें कीं तो पाय पोटाशीं घेऊन निश्चल पडतो. हाच आपला मृगाचा किडा.

अशाच एका सकाळीं आमच्या घरांत या पाहुण्यावरून लहानसा वाद झाला. नातवानें तो आगपेटींत घालून शेतांतून आणिला होता. सूनबाई म्हणाल्या, "अरे, विषारी असेल तो. आधीं बाहेर टाक, आणि साबणानें हात धू." घरांतील वडील मंडळींपैकीं एकीचें मत अगदीं उलट. "टाकूं नका हो, याचें तेल वातावर रामबाण असतें." नातवाचा प्रश्न मात्र साधा होता. तो म्हणाला, "आजोबा, पाऊस आला कीं हा येतो, मग बाकीचें वर्षभर हा राहतो कोठें?"

भीति आणि उपयोग या दोन दृष्टींनींच आपण बहुधा लहान जीवांकडे पाहतों. तिसरी दृष्टि त्या मुलाची होती, आणि विचार करतां करतां मला असें दिसून आलें कीं, पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरेंही या तिसऱ्याच्याच पोटांत आहेत. ज्याचें घर आपणांस ठाऊक झालें, त्याचें भय किती धरावें व त्यास किती जपावें, हें दोन्ही समजतें. सुज्ञ वाचकांपुढें आज तोच विचार मांडावयाचा आहे.

हा पाहुणा आजचा नव्हे. संस्कृतांत त्याचें नांव इंद्रगोप, म्हणजे इंद्र ज्याचा रक्षक आहे तो. बृहदारण्यकोपनिषदांत पुरुषाच्या रूपास ज्या उपमा दिल्या आहेत, त्यांत रंगविलेलें वस्त्र, लोकर, अग्नीची ज्वाला व कमळ यांच्या पंक्तींत इंद्रगोप बसला आहे. रामायणाच्या किष्किंधाकांडांत वर्षाकाळाचें वर्णन करतांना हिरवळीवरचे इंद्रगोप आले आहेत. आणि कालिदासाच्या विक्रमोर्वशीय नाटकाच्या चौथ्या अंकांत विरहानें भ्रमिष्ट झालेल्या पुरूरव्यास इंद्रगोपांनीं ठिपकलेलें कोंवळें गवत हें उर्वशीचें गळून पडलेलें हिरवें वस्त्रच वाटतें. कित्येक कोशकारांनीं इंद्रगोपाचा अर्थ काजवा असा दिला आहे. परंतु काजवा रात्रीं चमकतो. त्यानें हिरव्या गवतावर तांबडे ठिपके उमटत नाहींत. मृगाच्या सकाळीं बांधावर गेलेल्या मनुष्यास हा अर्थ सांगावा लागत नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत यास बीरबहूटी म्हणतात, आणि तेलुगू मुलखांत आर्द्रा नक्षत्रावरून आरुद्र पुरुगु म्हणतात. ज्यांनीं ज्यांनीं पावसाची वाट पाहिली, त्यांनीं त्यांनीं त्यास नांव दिलें.

आपण त्यास किडा म्हणतों खरें, परंतु शास्त्रदृष्ट्या तो कीटक नव्हे. कीटकास सहा पाय असतात, यास आठ. भिंतीवरचा कोळी, दगडाखालचा विंचू, आणि बैलाच्या अंगावरची गोचीड हे त्याचे भाऊबंद. या कुळांतील अतिलहान प्राण्यांस इंग्रजींत माइट म्हणतात. आपले शेतकरी पिकावरच्या एका जातीस लाल कोळी म्हणतात. तोच धागा धरून या लेखापुरतें मी त्या सर्वांस सूक्ष्मकोळी म्हणेन. शास्त्रज्ञांनीं आजवर त्यांच्या पन्नास हजारांच्या आसपास जाति वर्णिल्या आहेत, आणि अद्याप नांव न मिळालेल्या याहून कितीतरी अधिक असाव्या असें ते मानतात. बहुतेक सूक्ष्मकोळी एका मिलिमीटरास पुरे पडत नाहींत. मृगाचा किडा म्हणजे त्यांच्यांतील भीमसेन. त्याचें शास्त्रीय नांव ट्रॉंबिडियम ग्रँडिसिमम असें आहे, आणि त्यांतील दुसऱ्या पदाचा अर्थच 'सर्वांत मोठा' असा होतो.

इतक्या जाति कशा झाल्या? लहानपणामुळें. आपणांस जें एक झाड दिसतें, तें अर्ध्या मिलिमीटरच्या प्राण्यास सबंध जिल्हा वाटत असेल. सालीची भेग हें एक गांव, पानाच्या शिरांचा कोपरा हें दुसरें, फुलाचें पोट हें तिसरें. प्रत्येक गांवचें हवापाणी निराळें, अन्न निराळें, आणि म्हणून रहिवासीही निराळे. १८८७ सालीं आक्सेल लुंडस्ट्रॉम या स्वीडिश पंडितानें पानांच्या पाठीमागें, शिरा जेथें फुटतात तेथें असणाऱ्या बारीक खळग्यांकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें. कॉफीच्या पानांवर ते स्पष्ट दिसतात. त्या खळग्यांत सूक्ष्मकोळी बिऱ्हाड करतात, आणि त्यांतील पुष्कळसे पानावरील बुरशी किंवा पिकास पीडा देणारे दुसरे कोळी खाऊन राहतात. झाड जागा देतें, भाडेकरू राखण करतो. अमेरिकेंतील गुंजनपक्ष्यांच्या नाकपुड्यांत बसून एका फुलांतून दुसऱ्या फुलांत जाणारे सूक्ष्मकोळीही आहेत. पक्षी मध पिण्यास आला कीं ते त्याच्या चोंचीवरून धांवत नाकांत शिरतात, आणि आपल्या जातीचें फूल आलें कीं उतरतात.

आतां नातवाच्या प्रश्नाकडे वळूं. मृगाचा किडा वर्षाचा बहुतेक काळ जमिनीच्या पोटांत, जेथें थोडी ओल टिकते अशा जागीं राहतो. मादी मातींतच अंडीं घालते. त्यांतून निघणाऱ्या पिल्लांस प्रथम सहाच पाय असतात. हीं पिल्लें टोळ-नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगास चिकटून त्यांचा रस पितात, पुष्ट झालीं कीं गळून मातींत शिरतात, आणि पुढें रूप पालटून आठ पायांचीं होतात. मोठेपणीं त्यांचें खाद्य म्हणजे वाळवीसारखे मऊ अंगाचे कीटक व त्यांचीं अंडीं. पहिल्या पावसानें जमीन मऊ झाली, कीं त्याच वेळीं वाळवीलाही पंख फुटतात. म्हणजे यजमानाचा मुहूर्त व पाहुण्याचा मुहूर्त एकच. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांतील याच्या एका भाऊबंदाचा अभ्यास १९६२ सालीं प्रसिद्ध झाला. तो सबंध वर्षांत पावसानंतरचे कांहीं तासच जमिनीवर येतो, वाळवीवर ताव मारतो आणि पुन्हां आपल्या बिळांत जातो. आपणांस जो पाहुणा वाटतो, तो वास्तविक घरमालक आहे. वर्षांतून एकदां तो अंगणांत येतो, इतकेंच.

सूनबाईंच्या शंकेचें समाधान यांतच झालें. प्रौढ किड्याचें अन्न मातींत आहे, माणसाच्या अंगांत नाहीं. म्हणून तो माणसास चावत नाहीं. त्याचा भडक लाल रंग ही पक्ष्यांस व इतर भक्षकांस दिलेली सूचना आहे: 'मी बेचव आहें, माझ्या वाटेस जाऊं नका.' तेलाविषयीं सांगावयाचें तर मध्यप्रदेश-छत्तीसगड भागांत लोक हे किडे वेंचून विकतात, आणि पक्षाघातावर त्यांचें तेल चोळण्याची जुनी रीत आहे. परंतु त्या गुणाची आधुनिक कसोटीवर सिद्धता झालेली नाहीं. उलट, मेंदूंत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल, तर ती विरघळविणारें औषध पहिल्या साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. तेवढा वेळ तेल शोधण्यांत घालविणें म्हणजे रोग्याचा हात आपणच सोडणें होय.

परंतु याच गवताच्या कडेस, याच कुळाचें दुसरें एक बिऱ्हाड आहे, आणि तें ओळखणें फार अगत्याचें आहे. लेप्टोट्रॉंबिडियम नांवाचा सूक्ष्मकोळी झुडपांच्या व गवताच्या दमट काठावर, जेथें उंदीर-घुशींचा वावर असतो तेथें राहतो. त्याचेंही मोठेपण मातींत निरुपद्रवीपणें जातें. पण त्याचीं सहा पायांचीं पिल्लें कीटकांऐवजीं उंदरांच्या अंगास लागतात. तीं इतकीं बारीक असतात कीं सहसा डोळ्यांस दिसत नाहींत. गवतांत बसलेला माणूस हा त्यांचा नेहमींचा यजमान नव्हे. तो चुकून सांपडतो. या चाव्यांतून एक जंतु शरीरांत शिरतो आणि स्क्रब टायफस नांवाचा ज्वर येतो. जपानांत या रोगाचें नांव त्सुत्सुगामुशी असें आहे. त्यांतील मुशी म्हणजे किडा. दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर असंख्य सैनिक यानें अंथरुणास खिळले. आपल्या महाराष्ट्रांत २०१८ सालच्या पावसाळ्यांत नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत याची सांथ आली, तेव्हां हें नांव पुष्कळांनीं प्रथमच ऐकिलें.

हा जंतु सूक्ष्मकोळ्याच्या मादीकडून अंड्यांच्या द्वारें पुढच्या पिढींत उतरतो. त्यामुळें एकदां दूषित झालेली जागा वर्षानुवर्षें तशीच राहूं शकते, आणि दहा पावलांवरची दुसरी जागा अगदीं निर्दोष असूं शकते. विद्वान त्यांस रोगाचीं बेटें म्हणतात. पावसाळ्यांत किंवा त्यानंतरच्या दिवसांत गवता-झुडपांत वावरलेल्या माणसास चावल्यापासून साधारणतः एक ते दोन आठवड्यांनीं थंडी-ताप, तीव्र डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली, तर वैद्यास गवताची हकीकत आवर्जून सांगावी. आणि काखेंत, जांघेंत, कमरेच्या पट्ट्याखालीं विस्तवाचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे काय, हें पाहावें. ती दुखत नाहीं, म्हणून रोग्याच्या ध्यानांत येत नाहीं. आणि कित्येकांच्या अंगावर ती नसतेही. डॉक्सिसायक्लीन हें साधें, स्वस्त औषध वेळीं मिळालें तर रोगी लौकर उठून बसतो. उशीर झाला तर फुप्फुसें, मूत्रपिंडें व मेंदू यांवर आघात होऊन प्राणावर बेततें. एवढ्यासाठीं गवताची भीति बाळगावयाची नाहीं. अंगभर कपडे घालून कामास जावें, उघड्या गवतावर निजूं नये, घरीं येतांच स्नान करून कपडे धुवावे, आणि घराभोंवतीं उंदरांस आश्रय देणारें गचपण वाढूं देऊं नये.

बांधावरून घराकडे येतांना वाटेंत बहुधा एखादा उंबर लागतो. दत्तात्रेयाचें स्थान म्हणून आपण त्यास प्रदक्षिणा घालतों, पण फळ फोडलें कीं आंतील चिलटें पाहून नाक मुरडतों. हीं चिलटें सूक्ष्मकोळ्यांच्या कुळांतील नव्हत. तो गांधीलमाशीचा एक बारीक प्रकार आहे. परंतु बिऱ्हाडाचें असें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण. उंबराचें फळ म्हणजे आंतून फुलांनीं भरलेली एक बंद खोली. तिच्या तोंडाशीं असलेल्या अरुंद छिद्रांतून मादी आंत शिरते. शिरतांना तिचे पंखही तुटतात. अंगावर आणिलेला पराग ती फुलांस देते, कांहीं फुलांत अंडीं घालते, आणि तेथेंच मरते. पुढें तिचीं पिल्लें तयार होतात. त्यांतील नर बिनपंखी असतात. ते फळाच्या भिंतीस भोंक पाडून वाट करून देतात व बहुधा तेथेंच संपतात. त्या वाटेनें तरुण माद्या पराग घेऊन दुसऱ्या फळाकडे उडतात. त्यांच्या शरीराच्या आश्रयानें केंसाहून बारीक असे कृमिही एका फळांतून दुसऱ्यांत प्रवास करतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत यावर बारकाईनें संशोधन झालें आहे. ज्या किड्यांमुळें आपण उंबर टाकून देतों, ते नसतील तर उंबरास बीज धरणार नाहीं, आणि वनांत उंबर आपोआप उगवणारही नाहीं. महाभारताच्या शांतिपर्वांत बुद्धि व क्षेत्रज्ञ यांचा संबंध सांगतांना मशक आणि उदुंबर यांचाच दृष्टांत घेतला आहे: एकत्र राहूनही दोघे निराळे. त्या ऋषींनीं फळ फोडून आंत नीट पाहिलें असलें पाहिजे.

आतां घरांत येऊं. घरांतील मोठें बिऱ्हाड आहे तें गादींत, उशींत व गोधडींत. तेथें राहणारा सूक्ष्मकोळी एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. त्याच्या शास्त्रीय नांवाचा अर्थच त्वचाभक्षक असा आहे. परंतु तो आपणांस चावत नाहीं. आपल्या अंगावरून रोज जो त्वचेचा भुगा गळतो, तो खाऊन तो जगतो. नेदरलंडमधील लायडेन येथील संशोधकांनीं १९६४ सालीं असें दाखवून दिलें कीं, घरांतील धुळीनें ज्यांस दमा किंवा शिंका होतात, त्यांस खरा त्रास धुळीचा नसून पुष्कळ अंशीं या प्राण्याचा असतो. पुढें त्याच्या विष्ठेंतील एक द्रव्य विशेष दोषी ठरलें. वर्षानुवर्षें पहांटे उठून खोकणाऱ्या आजींच्या आणि रात्रीं छाती वाजणाऱ्या नातवंडांच्या दुखण्याचें मूळ कांहीं वेळां त्यांच्या उशींतच असतें.

या प्राण्याचें मर्म काय? तो पाणी पीत नाहीं. हवेंतील बाष्प अंगांत ओढून घेतो. हवेचा दमटपणा बराच काळ निम्म्याखालीं राहिला कीं तो सुकून मरतो. आमच्या मराठवाड्यांत नवरात्रापूर्वीं 'दसरा काढण्याची' चाल आहे. घरांतील यच्चयावत् अंथरूण-पांघरूण, गोधड्या व वाकळी नदीवर नेऊन धुवावयाच्या, उन्हांत कडकडीत वाळवावयाच्या आणि घर झाडून सारवून घ्यावयाचें. माझ्या लहानपणीं सिंदफणेच्या वाळवंटांत गोधड्यांच्या रंगीबेरंगी रांगा पसरलेल्या असत. आमच्या वाडवडिलांस सूक्ष्मकोळी ठाऊक होता असा दावा मी करीत नाहीं. पण पावसाळाभर दमट झालेलें त्याचें घर नेमक्या वेळीं मोडण्याची रीत त्यांनीं घालून दिली होती, हें खरें. हल्लीं बंद खोल्या, जाड फोमच्या गाद्या व कधीं न हलणारे पडदे आले. दसरा मात्र केवळ सोनें वाटण्यापुरता उरला. दमेकरी माणसाच्या उशी-गादीच्या खोळी व चादरी दर आठवड्यास साठ अंशांच्या आसपासच्या कढत पाण्यांत धुवाव्या, गाद्यांस वरचेवर ऊन दाखवावें, आणि झाडझूड त्याच्यासमोर करूं नये. वैद्यानें दिलेलें औषध मात्र यामुळें बंद करावयाचें नाहीं.

याच्याहूनही जवळचें बिऱ्हाड आहे. आपल्या चेहऱ्यावरील केंसांच्या मुळांशीं व तेलाच्या पिंडांत डेमोडेक्स नांवाचे लांबट सूक्ष्मकोळी राहतात. १८४१ व १८४२ सालीं जर्मन पंडितांनीं ते प्रथम वर्णिले. नवजात अर्भकाच्या अंगावर ते नसतात. मायेच्या स्पर्शाबरोबर येतात, आणि मोठेपणीं बहुतेक सर्वांच्या चेहऱ्यावर असतात. क्वचित् त्वचेचा त्रास देतात, एरवीं कांहीं करीत नाहींत. सोंवळें कितीही कडक पाळलें, तरी हे सोबतीस असतातच!

एका बिऱ्हाडाविषयीं मात्र मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. खरजेचा किडा हाही सूक्ष्मकोळीच. त्याची मादी माणसाच्या त्वचेच्या वरच्या थरांत बीळ कोरते, रोज दोन-तीन अंडीं घालते, आणि महिना-दीड महिना जगते. बोटांच्या बेचक्या, मनगटें व कंबर हीं तिचीं आवडतीं स्थळें. खाज रात्रीं वाढते. १६८७ सालीं इटलीमध्यें बोनोमो नांवाच्या वैद्यानें चेस्तोनी या औषधी विक्रेत्याच्या साहाय्यानें हा किडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून वर्णिला. गरीब बायका आपल्या मुलांच्या हातांतून सुईच्या टोंकानें कांहींतरी बारीक काढतात, हें त्यांच्या कानीं आलें होतें, आणि त्यावरूनच हा शोध लागला. तरीही पंडितांस तो पटण्यास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. १८३४ सालीं पॅरिस येथें कॉर्सिका बेटांतील एका विद्यार्थ्यानें, आपल्या गांवच्या बायका जसा काढीत तसाच सुईनें किडा काढून सर्वांसमक्ष दाखविला, तेव्हां वाद मिटला.

मी शिक्षक असतांना माझ्या वर्गांत एक हुशार मुलगा होता. आईबाप दरसाल ऊसतोडीस जात; एका वर्षीं तोही बरोबर गेला आणि फाल्गुनांत परत आला तो हात खरजेनें भरून. फडावरच्या कोपींत एका वाकळीखालीं पांच माणसें निजलेलीं. दुसरें काय होणार? मीं त्यास दाराशीं वेगळ्या पोत्यावर बसविलें. इतर मुलांच्या रक्षणासाठीं हें योग्यच आहे, असें मला वाटलें. औषध आणून दिलें. तो बरा झाला. महिन्याभरांत पुन्हां आला तो तसाच. तेव्हां मीं सर्वांसमक्ष 'अंघोळ करीत जा' असें सुनावलें. तिसऱ्या वेळीं तो आलाच नाहीं, पुढें कधींच आला नाहीं.

पुष्कळ वर्षांनीं एका डॉक्टरांशीं बोलतांना मला उमगलें कीं, दोष त्या मुलाच्या अंघोळीचा नव्हता. खरजेचा किडा एका माणसाच्या अंगांत राहत नाहीं. तो एका पांघरुणाखालच्या सबंध कुटुंबांत राहतो. पहिल्यांदा लागण झाली कीं खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागतात; म्हणून घरांत ज्यांस खाज नाहीं तेही त्याचें बिऱ्हाड असूं शकतात. एकट्या मुलास औषध लावून पुन्हां त्याच वाकळींत निजविलें, तर किडा परत येणारच. पर्मेथ्रिनचा लेप घरांतील सर्वांनीं एकाच रात्रीं मानेपासून पायापर्यंत लावावा, आठवड्या-दोन आठवड्यांनीं वैद्याच्या सल्ल्यानें पुन्हां लावावा, आणि त्याच दिवशीं सर्व कपडे-पांघरुणें कढत पाण्यांत धुवून उन्हांत घालावीं. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांहून अधिक जगत नाहीं. औषधानंतरही खाज कांहीं आठवडे राहूं शकते. तेवढ्यानें घाबरूं नये. २०१७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें खरजेस दुर्लक्षित रोगांच्या यादींत घातलें. त्या मुलाचा रोग तर मीं दुर्लक्षिलाच, पण त्याच्याबरोबर त्याची लाजही वाढविली. किड्याचें घर मला ठाऊक असतें, तर त्या मुलाची शाळा सुटली नसती. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईंच्या मुलास खरूज दिसली, तर त्यास उंबऱ्याबाहेर उभें करण्यापूर्वीं हें आठवावें. आणि आपल्याच घरांत आली तर लपवूं नये. ती गरिबीची खूण नाहीं, अधर्माचीही नाहीं.

याप्रमाणें शत्रूचें घर कळलें म्हणजे तें मोडतां येतें. पण मित्राचें घर कळल्यावर तें राखणें हेंही कर्तव्य ओघानेंच येतें. माझ्या लहानपणीं मृगाच्या सकाळीं एका बांधावर आम्ही मुलें ओंजळभर इंद्रगोप वेंचीत असूं. हल्लीं तेवढाच बांध चालून गेलें तर एखाद-दुसरा दिसतो, किंवा दिसतही नाहीं. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत सिंदफणेवर धरण झालें. रानें भिजलीं, ऊस आला, आणि पुष्कळ घरांस चांगले दिवस आले. धरणास मी नांवें ठेवणार नाहीं. त्याचें पाणी आम्हीही पितों. परंतु जमिनीस मोल येतांच दोन हातांचा बांध एक हातावर आला, मग वितीवर आला. नांगराची जागा ट्रॅक्टरनें घेतली, माती खोल उलथली जाऊं लागली. गवतावर तणनाशक आणि पिकावर कीटकनाशक आलें. ज्याचें सारें आयुष्य बांधाच्या मातींत जातें, त्यानें मग राहावें कोठें? वाळवी खाणारा हा राखणदार गेल्यानें शेताचें नुकसान नेमकें किती झालें, हें मला मोजतां येत नाहीं. मात्र पावसाचा इतका जुना निरोप्या आपल्या डोळ्यांदेखत नाहींसा व्हावा, आणि त्याची आपणांस खबरही नसावी, ही गोष्ट सुशिक्षित घरांस शोभत नाहीं.

यावर उपाय फार खर्चाचा नाहीं. ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं बांधाची एक हातभर पट्टी नांगरूं नये व तीवर फवारणी करूं नये. किडे वेंचून विकणाऱ्यांकडून तेल घेऊं नये. आणि घरांतील मुलांस मृग लागतांच एकदां तरी बांधावर न्यावें, किती इंद्रगोप दिसले तें त्यांच्याकडून मोजून तारखेसह वहींत लिहवून घ्यावें. दहा वर्षांची अशी वही एखाद्या घरीं असली, तर ती पुढच्या अभ्यासकांस ग्रंथाइतकी उपयोगी पडेल.

त्या सकाळीं वाद मिटल्यावर नातू व मी पुन्हां शेताकडे गेलों. आगपेटी ज्या गवताच्या बुडाशीं भरली होती, तेथेंच त्यानें ती उघडली. इंद्रगोप थोडा वेळ निश्चल पडून राहिला, मग उठून ढेकळांच्या फटींत दिसेनासा झाला. घरीं येतांच नातवानें वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली आणि खालीं लिहिलें: 'दिसले, ३.'